लांडगा खरोखर आला तेव्हा

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट न ऐकता लहानाचे मोठे झालेले मूल मराठी घरात सापडणे कठीण. मेंढ्या राखणारा पोरगा गंमत म्हणून ओरडतो, गावकरी काठ्या घेऊन धावतात आणि फजीत होऊन परततात. एके दिवशी लांडगा खरोखर येतो, तेव्हा हाकेला ओ द्यायला कोणी उरत नाही. खोटे बोलू नये, हे तात्पर्य सांगून आपण गोष्ट संपवतो. पण या गोष्टीत आणखी एक मुद्दा दडलेला आहे. हाक मारणारा रानात आहे, ऐकणारे गावात आहेत. नुकसान एकाचे व्हायचे, आणि हाक खरी की खोटी याचा निवाडा दुसऱ्यांनी करायचा.

युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या स्वीडन देशात गेल्या चाळीसएक वर्षांत ही गोष्ट खरीखुरी घडली. तिथे हाक मारणारा मेंढपाळाचा पोर नव्हता. तो खांद्याला बंदूक अडकवलेला, पायाशी कुत्रा असलेला, रानाची खडान्‌खडा माहिती असलेला शिकारी होता. ज्या रानात त्याच्या बापाने व आज्याने लांडगा पाहिला नव्हता, त्या रानात लांडगा परत आला. हे पाहून शिकाऱ्याला काय वाटले, त्याने काय केले आणि काय करायचे टाळले, याचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

ही हकिगत समजायची तर आधी तिथले रान पाहिले पाहिजे. नॉर्वेच्या सरहद्दीला लागून वेर्मलांड नावाचा प्रांत आहे. देवदार व पाइन यांची मैलोगणती पसरलेली अरण्ये, मधूनमधून तळी आणि विरळ वस्ती. १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या सेल्मा लागरलोफ या लेखिकाबाई इथल्याच. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'येस्ता बेर्लिंगची गाथा' या त्यांच्या कादंबरीत, बर्फावरून धावणाऱ्या घसरगाडीचा पाठलाग करणारे लांडगे आहेत. म्हणजे या मुलखाच्या कथा-कहाण्यांत लांडगा पूर्वीपासून होता. विसाव्या शतकात तो फक्त तिथेच उरला होता.

या रानाचा राजा म्हणजे एल्क. आपल्या सांबराहून पुष्कळच मोठा, मोठा नर पाचशे किलोच्या घरात जाणारा, फताड्या शिंगांचा प्राणी. स्वीडनमध्ये जवळजवळ तीन लाख लोक शिकार करतात आणि त्यांचा वर्षाचा सण म्हणजे एल्कची शिकार. वेर्मलांडात ती ऑक्टोबरात सुरू होते. कोकणातला चाकरमानी जसा गणपतीला गावाकडे धाव घेतो, तसा स्टॉकहोमला नोकरी करणारा वेर्मलांडी माणूस रजा काढून त्या आठवड्यात घरी येतो. शेजारपाजारच्या जमीनमालकांचे मिळून एक शिकारमंडळ असते. कोणी कुठल्या नाक्यावर बसायचे ते ठरलेले असते, आणि सावज पडले की मांसाचे वाटे घातले जातात. आपल्याकडे कोकणात रानडुकराची पारध करून वाटे घालण्याची जी जुनी रीत होती, तिची आठवण यावी असाच हा प्रकार. हिवाळ्यासाठी शीतपेटी मांसाने भरते हे तर खरेच. पण गावात आपण कोण, आपला बाप कुठल्या दगडावर बसून नेम धरीत असे, हेही त्या आठवड्यात पुन्हा एकदा ठरते.

या शिकारीचा खरा नायक कुत्रा असतो. पट्टा काढून त्याला मोकळे सोडतात. तो एकटाच एक-दोन मैल दूर जातो, वासावरून एल्कला हुडकतो आणि त्याच्याभोवती फेर धरून, सतत भुंकून, त्याला जागच्या जागी खिळवून ठेवतो. त्या भुंकण्याच्या रोखाने शिकारी दबकत दबकत पुढे सरकतो. असा कुत्रा तयार करायला तीन-चार वर्षे जातात आणि तो घरातल्या मुलाबाळांत वाढतो. रानात एकटाच भुंकत असलेला कुत्रा, हे चित्र वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ तिथेच आहे.

आता थोडे मागे जाऊ. लांडगा मारणे हा स्वीडनच्या शेतकऱ्याचा छंद कधीच नव्हता. ती त्याच्यावर लादलेली वेठ होती. मध्ययुगातल्या कायद्यांनीच शेतकऱ्याला लांडग्यासाठी जाळे विणून ठेवायला आणि हाक्याला हजर राहायला बांधून टाकले होते. हाकाऱ्यांची लांबच लांब रांग रान उठवीत निघे आणि लांडग्यांना जाळ्यांकडे रेटी. हाक्याला जो येणार नाही त्याला दंड भरावा लागे. गावोगाव लांडग्यासाठी खोल खड्डे खणलेले असत. १६४७ साली सरकारने मारलेल्या लांडग्यामागे इनामही लावले. याउलट एल्कसारखे मोठे सावज मारण्याचा हक्क मात्र राजाने व सरदारांनी आपल्याकडे राखला होता. हाका शेतकऱ्याने घालायचा, आणि मांसाचे मोठे सावज वरच्यांचे! १७८९ साली राजा तिसरा गुस्ताव याने सरदारांशी झुंजताना शेतकऱ्यांना आपल्या बाजूस वळवले आणि त्या व्यवहारात स्वतःच्या जमिनीवर शिकार करण्याचा हक्क जमीनदार शेतकऱ्याला मिळाला. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेच हे वर्ष. तेव्हापासून शिकार म्हणजे रानात मिळालेले स्वराज्य, अशी भावना तिथल्या खेडुताच्या मनात मुरली आहे.

लांडग्याची भीतीही निराधार नव्हती. १८२० च्या डिसेंबरपासून १८२१ च्या मार्चअखेरपर्यंत यूसिंगे या लोखंडाच्या कारखान्यांच्या गावाभोवती एका लांडग्याने १२ जणांचा बळी घेतला. त्यांत बहुतेक मुले होती. तो लांडगा पिल्लू असताना पकडून माणसांत वाढवलेला होता आणि पुढे सुटून गेला होता, असे सांगतात. माणसाचे भय मोडलेला तो प्राणी होता. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत स्वीडनमध्ये मोकळ्या रानातल्या लांडग्याने माणूस मारल्याची नोंद नाही. पण घराघरांत आज्यांनी सांगितली ती यूसिंगेची गोष्ट. नंतरच्या दोनशे वर्षांतल्या शांततेची गोष्ट कोण सांगणार?

१८३० साली शिकाऱ्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. हिंस्र श्वापदांचा नायनाट करणे, हे त्याच्या आरंभीच्या कामांतले एक मोठे काम. इनाम, विष, सापळे आणि सुधारलेल्या बंदुका यांनी एकोणिसाव्या शतकात हजारो लांडगे संपवले. विसावे शतक अर्धे सरेपर्यंत उत्तरेकडच्या पहाडी मुलखात बोटांवर मोजण्याइतकेच लांडगे शिल्लक होते. मग १९६६ साली त्याच सरकारने कायदा करून लांडग्याला संरक्षण दिले. शतकानुशतके ज्या कामाला दंडाच्या धाकाने जुंपले आणि ज्याबद्दल इनाम दिले, तेच काम गुन्हा ठरले. तेव्हा या कायद्याने कोणाचे फारसे बिघडले नाही. संरक्षण द्यायला लांडगाच जवळजवळ उरला नव्हता. आणि नसलेल्या शत्रूला क्षमा करणे सोपे असते.

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वेर्मलांडच्या बर्फात मोठाल्या पावलांचे माग दिसू लागले. पुष्कळांना ते भटक्या कुत्र्यांचे वाटले. १९८३ साली न्यूस्कूगा परिसरात लांडग्याच्या जोडीला पिल्ले झाली, तेव्हा शंका फिटली. सतराव्या शतकात फिनलंडमधून आलेल्या लोकांनी जंगल जाळून वसवलेला हा कोपरा. आता तिथे वसाहतीला आलेले लांडगेही त्याच दिशेचे निघाले.

पहिली प्रतिक्रिया सर्वत्र संतापाची होती असे मानणे चूक ठरेल. कुतूहल होते, थोडा अभिमानही होता. हिवाळ्यात ताज्या बर्फावरचे माग काढून लांडग्यांची मोजदाद होते. त्या कामात रानाची माहिती असलेल्या स्थानिक शिकाऱ्यांच्या बातमीवाचून पान हलत नाही. पण त्याचबरोबर एक कुजबूज सुरू झाली. लांडगे आपल्या पायांनी आलेले नाहीत. निसर्गप्रेमी शहरी लोकांनी प्राणिसंग्रहालयातले लांडगे रात्री मोटारीतून आणून रानात सोडले, असे लोक म्हणू लागले. गंमत अशी की पुढे नॉर्वेत आणि फ्रान्समध्येही, जिथे जिथे लांडगा परतला तिथे तिथे हीच कुजबूज उठली.

या कुजबुजीला उत्तर मिळाले ते लांडग्यांच्या रक्तातून. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लांडग्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी होती. त्यावरून असे दिसले की, ही सारी वसाहत पूर्वेकडच्या, म्हणजे फिनलंड व रशियाकडच्या लांडग्यांपासून झाली आहे. आरंभीचे जोडपे आणि १९९१ च्या सुमारास आलेला एक नर, एवढ्या तिघांचा हा वंशविस्तार. तो तिसरा येईपर्यंत लांडग्यांची संख्या दहाच्या आसपास रखडली होती. तो आल्यावर झपाट्याने वाढली. तरीही सगळे एकमेकांचे इतके जवळचे नातलग की, पुढेपुढे सर्वसाधारण पिल्लू सख्ख्या बहीण-भावांच्या संततीइतके सारख्या रक्ताचे निघू लागले. नवे रक्त यायचे तर फिनलंडहून उत्तरेच्या वाटेनेच यायला हवे. पण त्या वाटेवर सामी लोकांचे रेनडियर चरतात आणि तिथे लांडग्याला कोणी थारा देत नाही.

शास्त्रज्ञांचा पुरावा बिनतोड होता, तरी कुजबूज थांबली नाही. याचे कारण तिचा खरा विषय प्राणिशास्त्र नव्हताच. 'लांडगा कोणीतरी आणून सोडला' या म्हणण्यात 'आमच्या रानाबद्दलचा निर्णय आम्हाला न विचारता कोणीतरी घेतला' हे गाऱ्हाणे दडलेले होते. आणि ते तर खरेच होते.

लांडगे वाढू लागले तशी खरी झळ लागली ती कुत्र्यांना. आपल्या हद्दीत एकटाच भुंकणारा कुत्रा लांडग्याच्या लेखी घुसखोर. दरवर्षी शिकारीच्या मोसमात कित्येक कुत्री बळी पडू लागली. सरकार भरपाई देते. पण कानात घुमणारे भुंकणे एकाएकी थांबते आणि धावत जाऊन पाहावे तो बर्फावर पट्टा तेवढा सापडतो, त्याची भरपाई कोण कशी मोजणार? कोणी कुत्र्यांना टोकदार खिळ्यांची जाड अंगरखी चढवली, कोणी कुत्रा सोडण्यापूर्वी सकाळी रानात फिरून ताजे माग नाहीत ना हे पाहू लागले, कोणी कुत्रा सोडणेच बंद केले. कुत्रा सोडला नाही तर ती शिकारच राहिली नाही, असे म्हणून काहींनी बंदूक खुंटीला लावली.

दुसरी झळ एल्कची. लांडग्याचे एक कुटुंब सुमारे हजार चौरस किलोमीटरचा मुलूख सांभाळते आणि वर्षाला शंभराहून अधिक एल्क फस्त करते. देशाच्या हिशेबात ही संख्या क्षुल्लक आहे. १९८२ साली शिकाऱ्यांनी स्वीडनभर सुमारे पावणेदोन लाख एल्क मारले होते. पुढे तो आकडा खूप खाली आला, पण त्याचे श्रेय किंवा दोष मुख्यतः लांडग्याचा नाही. एल्क पाइनची कोवळी रोपे खातो, म्हणून जंगलमालकांनाच तो कमी हवा होता. मात्र ज्या चार गावांच्या रानात लांडग्याने घर केले, त्या गावांना देशाचा हिशेब ऐकवून काय उपयोग? सरासरीने देश सुखी असला म्हणून एखाद्याच्या ताटातले वाढत नाही.

१९९५ साली स्वीडन युरोपीय संघात सामील झाला आणि लांडग्याच्या संरक्षणाची दोरी स्टॉकहोमहूनही दूर, ब्रसेल्सला गेली. आता हाक ऐकणारे इतके लांब गेले की, हाक मारण्यातच अर्थ नाही असे काहींना वाटू लागले. त्यांनी दुसरी वाट धरली. गोळी घालायची, पुरायचे आणि तोंड बंद ठेवायचे, अशी तीन शब्दांची म्हणच प्रचारात आली. २०१२ साली संशोधकांनी या मूक शिकारीचे माप काढले. गळ्यात रेडिओ-पट्टा असलेले लांडगे एकाएकी कसे नाहीसे होतात, याचा वर्षानुवर्षांचा हिशेब त्यांनी मांडला. मरणाऱ्या लांडग्यांपैकी निम्मे चोरट्या शिकारीला बळी पडतात, आणि त्यातल्या दोन-तृतीयांश प्रकारांचा तर पत्ताही लागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आधीच्या दशकात ही चोरटी शिकार झाली नसती तर २००९ साली लांडगे जवळजवळ चौपट असते. हे कृत्य करणारे थोडेच असणार. पण गावाला ठाऊक असून गाव बोलत नाही. या मौनात गुन्हेगाराविषयी प्रेम असते असे नाही. बोलून आपण कोणाच्या बाजूला जाऊ, हा प्रश्न असतो. मात्र या मौनाने शिकाऱ्यांचे नुकसानच झाले. कायदा पाळणाऱ्या शेकडो माणसांच्या रास्त तक्रारीवर त्या पुरलेल्या लांडग्यांची सावली पडली.

सरकारने मग माघारीचे पाऊल टाकले. २००७ मध्ये नियम सैल होऊन कुत्र्यावर झडप घालणाऱ्या लांडग्यावर गोळी झाडण्याची मुभा मिळाली. २००९ साली पार्लमेंटने लांडग्यांची संख्या तूर्त २१० पलीकडे जाऊ द्यायची नाही असे ठरवले, आणि २ जानेवारी २०१० रोजी संरक्षणाच्या कायद्यानंतरची पहिली परवान्याची शिकार सुरू झाली. मारायचे लांडगे २७. नाव नोंदवलेले शिकारी दहा हजारांहून अधिक! बहुतेक लांडगे पहिल्या काही दिवसांतच पडले. स्टॉकहोमच्या वृत्तपत्रांना हे क्रौर्याचे प्रदर्शन वाटले. वेर्मलांड व दालार्नाच्या खेड्यांना वाटले की, कित्येक वर्षांनी कोणीतरी आपले ऐकले. दहा हजारांना काही लांडग्याचे कातडे नको होते. त्यांना त्या दिवशी उजळ माथ्याने रानात उभे राहायचे होते. पुढच्याच वर्षी युरोपीय आयोगाने स्वीडनविरुद्ध कारवाई आरंभली. मग न्यायालये, स्थगिती, पुन्हा परवाने असा खेळ वर्षानुवर्षे चालला. २०२३ च्या हिवाळ्यात तर ७५ लांडग्यांची परवानगी निघाली. डिसेंबर २०२४ मध्ये बर्न येथील निसर्ग-कराराच्या सदस्यदेशांनी लांडग्याला 'कडक संरक्षित' या वर्गातून काढून 'संरक्षित' या खालच्या वर्गात घातले, आणि २०२५ साली युरोपीय संघानेही आपला कायदा तसाच बदलला.

या गदारोळात एक गोष्ट जवळजवळ कोणाच्या लक्षात आली नाही. २०१५ साली ग्रिमसो येथील संशोधन केंद्राशी संबंधित संशोधकांनी, लांडगा आल्यावर शिकाऱ्यांनी नेमके काय केले याचा तपास प्रसिद्ध केला. सभांतली भाषणे बाजूला ठेवून त्यांनी मारलेल्या एल्कांच्या नोंदी पाहिल्या. दिसले असे की, लांडगा रानात स्थिरावला की शिकारमंडळे आपणहून हात आखडता घेतात. एकूण शिकार कमी करतात आणि विशेषतः माद्या राखतात, म्हणजे पुढच्या वर्षीची पाडसे वाचतात. हा बदल लगेच, पहिल्या एक-दोन मोसमांतच झालेला होता. कोणी हुकूम काढला नव्हता. सभेत लांडग्याच्या नावाने बोटे मोडणारा माणूस, रात्री मंडळाच्या बैठकीत त्याच्या वाट्याचे एल्क मुकाट्याने बाजूला काढून ठेवीत होता. याला लांडग्याविषयीचे प्रेम म्हणता येणार नाही. रान टिकले पाहिजे हा जुन्या शिकाऱ्याचा व्यवहार आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा तो अधिक भरवशाचा आहे.

आपल्या दख्खनच्या माळावर लांडगा कधी पूर्णपणे गेलाच नाही. सोलापूरकडच्या गवताळ रानांत, नान्नजच्या माळढोकांच्या परिसरात, तो आजही आहे, आणि धनगर घोंगडी पांघरून, कुत्री भोवती घेऊन रात्र-रात्र वाघराजवळ जागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडेही लांडग्याला अभय दिले. ते योग्यच आहे. पण त्या अभयाची किंमत एखाद्या कोकराच्या रूपाने कोण भरतो, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाने स्वतःला विचारायला हरकत नाही. वेर्मलांडचा शिकारी हौसेसाठी रानात जातो आणि आपला धनगर पोटासाठी, हा भेद मोठा आहे; परंतु ज्याच्या अंगणात श्वापद येते त्याला आधी विचारावे, ही अपेक्षा दोघांची सारखीच.

स्वीडनच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. शिकाऱ्याचे लांडग्याशी वैर होते, पण ते हिशेबी वैर होते. त्यात देवघेवीला जागा होती. राग होता तो हुकमाचा. 'मार' म्हणणारा हुकूम वरून आला, 'मारू नको' म्हणणाराही वरूनच आला, आणि दोन्ही वेळा रानात राहणाऱ्याचे मत कोणी मागितले नाही. जिथे ते मागितले गेले नाही तिथे पुरलेले लांडगे निघाले. आणि एल्कच्या वाट्यांचा निर्णय जिथे त्याच्या हाती होता, तिथे त्याने लांडग्याचाही वाटा धरला.

२०२४-२५ च्या हिवाळ्यातल्या मोजणीत स्वीडनमध्ये सुमारे ३५५ लांडगे भरले. ती संख्या थोडी की फार, यावर अजून वाद चालू आहेत आणि पुष्कळ दिवस चालतील. पण दर ऑक्टोबरात, पहाटेच्या अंधारात, वेर्मलांडच्या एखाद्या रानवाटेवर एक माणूस थांबतो. टॉर्चच्या उजेडात जमिनीवरचे माग पाहतो, पायाशी ओढ घेणाऱ्या कुत्र्याच्या मानेवर हात ठेवतो, आणि पट्टा सोडायचा की नाही हे ठरवतो. तेवढा एक निर्णय त्याला अजून दुसऱ्या कोणाला विचारून घ्यावा लागत नाही.